मुलामेकाका

चांदीचा मुलामा दिलेला चमचा घडवला गेला तो मुळात पाहुण्याला फसवण्यासाठी. आमच्या सोसायटीतल्या मुलामेकाकांच्या घरी मात्र त्याला ती सोय नाही. पाहुण्याने ‘वा, चांदीचा का?’ एवढं म्हणायचा अवकाश, काका जागेवरून उठतात. ‘छे छे! चांदी नुसती वरवर. केसाहून पातळ! आत तांबं, जस्त आणि निकेल. याला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदीचा कणही नाही!’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान फुलतो, तो खऱ्या चांदीवाल्याच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. खरा चांदीवाला कपाटाला कुलूप लावून गप्प बसतो. पाहुण्यांसमोर स्टीलच्या वाट्या काढणारी काकू अशा वेळी आत निघून जाते. चारचौघांत चार क्षण श्रीमंत ठरायची संधी तिच्या नवऱ्याने आजवर एकदाही घेतलेली नाही.

काकांच्या लेखी चमच्याचा उपयोग एकच, तो पालथा करणे. लग्नाच्या पंगतीत केटररचा चमचासुद्धा ते मुलाची पत्रिका पाहावी तसा मागून वाचतात. विलायती चमच्याच्या पाठीवर चार बारीक चौकटी असतात आणि त्यांत ई, पी, एन, एस ही अक्षरं, म्हणजे ‘इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर’. लांबून पाहणाऱ्याला खऱ्या चांदीवरचे शिक्केच वाटावेत, अशी ती मांडणी. ‘लबाडी आहे, पण खोटं एक अक्षर नाही!’ असं म्हणून काका टाळीसाठी हात पुढे करतात. पाठीवर छोट्या झेंड्याचा शिक्का दिसला की ते ‘वॉकर अँड हॉल, शेफील्ड’ असं कारखानदाराचं नाव पुटपुटतात आणि हात आपोआप जोडले जातात.

हा माल मिळतो कुठे? मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर. शुक्रवारी तिथली दुकानं बंद, म्हणून काकांचा शुक्रवार उदास जातो. पुण्याला बहिणीकडे ते फक्त बुधवारी किंवा रविवारी जातात, कारण जुना बाजार त्याच दिवशी भरतो. बहीण बिचारी त्याला भाऊबीजेची ओढ समजते.

मुलाम्याचा इतिहासही काका रंगवून सांगतात. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतबंधूंनी विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि तिथल्या कारकुनाला लॉर्डाच्या थाटात जेवता येऊ लागलं. थाट वाढला तशी हत्यारं वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विलायती जेवणात माशाला वेगळी सुरी, लोणच्याला वेगळा काटा, शतावरीच्या कोंबांना वेगळा चिमटा आणि द्राक्षांचा घड तोडायला वेगळी कात्री. टेबलावरचा चुरा गोळा करायलाही वेगळं सुपलं!

यातली बहुतेक हत्यारं काकांच्या शाकाहारी घरात नांदतात. माशाच्या सुऱ्यांनी आंबावडी कापली जाते. शतावरीच्या चिमट्याने आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा वाढतात, आणि खरं सांगायचं तर झकास वाढतात. टोस्ट उभे करायच्या रॅकमध्ये विजेची बिलं उभी असतात. द्राक्षांच्या कात्रीवर मात्र काकूने साफ सांगून टाकलं आहे, ‘नाशिकची आहेत, हाताने तोडली तर रागावत नाहीत.’

घरातला खरा तंटा घासण्यावरून. चांदीला गंधकाचं वावडं. काकूने एकदा सगळे चमचे नीटनेटके मोजून रबरबँड लावून ठेवले. रबरात गंधक असतं, त्यामुळे प्रत्येक चमच्याच्या कमरेला काळा करगोटा उमटला. ते पाहून कामाच्या मावशींनी चिंच आणि काथ्या घेऊन सगळे लख्ख घासले. करगोटा गेला, बरोबर चांदीही गेली आणि आतला पिवळसर धातू बाहेर आला. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. मावशींचं म्हणणं एकच, ‘जे घासल्यावर जातं, ते घरात ठेवावंच कशाला?’ याला आजतागायत काकांकडे उत्तर नाही.

मुलाम्याचे दिवस संपवले ते हॅरी ब्रिअर्ली या माणसाने. 1913 मध्ये त्याने न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लावला, तोही शेफील्डमध्येच! काका त्याचा उल्लेख ‘घरभेदी’ असा करतात. काकूला मात्र त्याच्याविषयी नितांत आदर आहे.

तुमच्या आजीच्या ट्रंकेत अशी चार अक्षरं कोरलेले चमचे निघाले तर सराफाकडे नेऊ नका. तो कसोटी लावेल, चहा पाजेल आणि वाटेला लावेल. काथ्याने घासू नका, मऊ फडक्याने पुसा आणि खुशाल वापरा, कारण ते जेवण्यासाठीच केलेले आहेत. आणि मुलामेकाकांनी कधी जेवायला बोलावलंच तर घरून थोडं खाऊन जा. तिथे सगळे चमचे पालथे करून झाल्याशिवाय पानं वाढत नाहीत.