पत्रा पातळ, सल्ले जाड

छत्रपती संभाजीनगरात माणूस कांदे आणायला एकटा जाऊ शकतो, वेल्डिंग मशीन आणायला नाही. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, 2001 साली शेंद्र्याला स्कोडा आली. आता घरटी एक जण 'कंपनीत' आणि बाकीचे त्याचे सोयरे. भाच्याने डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज काढायचं म्हटलं मात्र, सगळे सोयरे सल्ले घेऊन हजर!

"किती अँपिअरचं?" इथून सुरुवात. दाजींनी 400 पासूनच बोली लावली. त्यांची हयात वाळूजच्या अवजड फॅब्रिकेशनमध्ये गेलेली. गाडीच्या दाराचा पत्रा असतो जेमतेम 0.8 मिलिमीटर. त्याला काडीचं मशीन लावलं, की गंजाने पाडलेलं भोक बरं वाटायला लागतं. इथे मिग लागतं. आपल्याकडे त्याला सरसकट 'सीओटू' म्हणतात, मग सिलिंडरमध्ये आर्गॉन का मिसळलेला असेना. तार 0.6 किंवा 0.8 ची, करंट पन्नास-साठ अँपिअर. सलग शिवण घालायची नाही. एक टाका इथे, एक तिथे, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. नाहीतर दार तळलेल्या पापडासारखं वाकतं, मग बसा लांबी भरत. आणि मे महिन्यातही पंखा बंद, कारण वाऱ्याने गॅस उडाला की टाका सच्छिद्र होतो. तेव्हा मशीन कमीत कमी जोरावर कसं चालतं, ते बघून घ्यायचं. हे दाजींना कोण पटवणार? ते साधं शिंकतातसुद्धा चारशे अँपिअरवर.

हेल्मेटवर मात्र चटकन एकमत झालं: नको. आपोआप काळी होणारी काच म्हणजे चैन! भाचा सांगत राहिला, की ठिणगी पडताच सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात काच काळी होते, अतिनील किरण तर ती त्याआधीही अडवते. शेड 9 ते 13 फिरवता येते, दोन्ही हात मोकळे राहतात, टाका कुठे पडणार तेही आधी दिसतं.

"आम्ही नाही का मान फिरवून टाके मारले?" दाजी म्हणाले. "रात्री डोळे खुपले, की बटाट्याच्या चकत्या ठेवायचो."

इतका वेळ गप्प असलेली ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, या घरात बटाटे भाजीला आणतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हेल्मेट दोन घे रे. एक यांना. हे रोज गॅरेजवर जाऊन बघत बसणार."