अनलॉ यांस अनावृत पत्र

रा. रा. अनलॉ यांस,
मु. पो. जुन्या इंग्रजी कोशातली अडगळ.

सा. न. वि. वि.

आपण वारल्याचं फार उशिरा कळलं. बेबंदशाही, अन्याय, वाकडे कायदे एवढा व्याप आपल्या नावावर होता. धंदा तर कुठे बसलेला दिसत नाही, मग मालक कसे गेले?

आपल्या घराण्याची चौकशी केली. ७९३ साली नॉर्स लोकांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे त्यांच्यातलेच लोक इंग्लंडात राहिले आणि 'लगु' हा शब्द ठेवून गेले. लगु म्हणजे घालून दिलेलं; त्याचाच पुढे 'लॉ' झाला. (आमच्या 'लागू'शी नातं नाही, उगीच सोयरीक नको.) इंग्रजांकडे आधी कायद्याला 'ॲ' असा एकाक्षरी शब्द होता, तो मागे पडला. म्हणजे 'लॉ' दिला लुटारूंनी. 'अन्' मात्र इंग्रजांनी घरचा लावला.

मग यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन. त्या लुटारूंचेच भाऊबंद असलेल्या डेन लोकांचे हल्ले ही आमच्याच पापांची शिक्षा, असं त्यांनी १०१४ च्या प्रवचनात खडसावलं आणि पापांच्या यादीत आपलं नाव घेतलं. दोनच वर्षांत डेन क्नूट गादीवर बसला. त्याच्या कायद्यांचे मसुदे लिहिले कुणी? वुल्फस्टननीच. त्यातही आपल्याला गाडून टाकायचा हुकूम आहेच. राजा बदलला, मजकूर तोच.

आपली चूक झाली ती स्कॉटलंडात. तिथे आपण चक्क दंडाचं नाव झालात. राजाचा अनलॉ भरण्याची ऐपत नसलेल्याची साक्षही धरत नसत म्हणे. काय हा थाट! पण दंड एकदा भरला की संपला. आपणही संपलात.

मी ती चूक केली नाही. परवा एका स्कूटरवर तिघं होते, म्हणजे चौथा मी. शिट्टी वाजली. चालकाने आधी 'साहेब' म्हटलं, मग मामांचं नाव घेतलं, मग पाकीट काढलं. पावती काही फाटली नाही. आणि फारच बोभाटा झाला, तर मला नियमित करून घेतात.

माझं 'बे' फारसी, 'कायदा' अरबी. घरचं काहीच नाही, पण कुणी कागदपत्रं मागत नाही.

तिकडे करमत नसेल तर या. आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली रिकामी आहे. नकाशात दिसत नाही, पण वीज-पाणी आहे.

आपला,
बेकायदा