वाघाच्या वतीने

ताडोब्याच्या मोहर्ली फाटकावर पहाटे जिप्सीत बसलेली माणसं पाहिली, की ही मंडळी जंगलात निघालीत की एखाद्या बड्या असामीच्या भेटीला, असा प्रश्न पडतो. चेहऱ्यावर ‘आमची वेळ ठरलेली आहे’ असा भाव असतो. बुकिंग कितीतरी आधी झालेलं, ओळखपत्रं तपासून झालेली, मोबाइल जमा केलेले, गळ्यात दुर्बिणी, अंगात पानापाचोळ्याच्या रंगाचे नवे शर्ट, ज्यांच्या घड्यासुद्धा अजून मोडलेल्या नाहीत. सगळी तयारी जय्यत. कळवायचं राहिलेलं असतं ते फक्त वाघाला.

मग वाघाच्या वतीने सगळं सांभाळायचं ते गाइडने. हा गाइड आसपासच्याच एखाद्या गावचा. वाघ त्याच्या मालकीचा नाही, तिकिटाचा दर त्याने ठरवलेला नाही, तरी वाघ दिसला नाही की ओशाळतो तो. मुहूर्त टळत आला तरी मुलगी बोहल्यावर येईना, अशा वेळी वधूपिता जसा वऱ्हाडात हसतमुखाने हिंडत सरबताचा आग्रह करतो, तसा तो आम्हाला एकेक गोष्ट पुढे करत असतो. हा अर्जुन बघा जी, सालीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे आहेत, मधासाठी चढलं होतं. हे कांडोळाचं खोड, चांदण्यात भुतासारखं पांढरं दिसते. तो तुरेवाला सर्पगरुड. मंडळी ‘अरे वा’ म्हणतात आणि त्या ‘अरे वा’मध्येच पुढचा प्रश्न दडलेला असतो. आमच्या गाडीतल्या एका गृहस्थांच्या साडूंना मागच्याच महिन्यात एका फेरीत चार वाघ दिसले होते. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की आपल्याला एकही नाही आणि साडूंना चार, या वाटपाबद्दल कुठेतरी तक्रार नोंदवायला हवी असं मलाही वाटू लागलं.

खरं तर गाइडचं काम दाखवण्याचं कमी आणि ऐकण्याचं जास्त. चितळाचा कॉल तो फारसा मनावर घेत नाही. चितळ कशालाही घाबरतं. वानर उंचावरून पाहतं, म्हणून त्याच्या शब्दाला थोडं अधिक वजन. पण सांबर ओरडलं की त्याचा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर पडतो, इंजिन बंद होतं, आणि साडूंचा विषयसुद्धा अर्ध्यावर थांबतो. मग तो वाकून रस्त्यावरची धूळ वाचतो. ठसा टायरच्या खुणेवर उमटलेला असेल तर वाघ गाडीनंतर गेला. ठशावरून टायर गेलं असेल तर गाडीआधी. हे तो इतक्या हळू आवाजात सांगतो, की कुणाच्या तरी घरातली गोष्ट आपल्या कानावर येतेय असा संकोच वाटतो. आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. समोर मला तरी निखळ धूळच दिसत होती.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. 1995 साली शेजारच्या अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. नाव मात्र त्याआधीचं, तारूचं. तारू म्हणजे इथल्या एका गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला, गोंडांनी त्याला देव मानलं, आणि तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं झालं, अशी कथा सांगतात. म्हणजे या जंगलातलं सगळ्यात जुनं साइटिंग तारूचं, आणि तेही अगदी जवळून! आता त्याच्याच रानात येऊन ‘दिसला, पण जरा लांब होता हो’ म्हणणारी माणसं पाहून त्या देवाला काय वाटत असेल कोण जाणे.

वाघ आम्हाला दिसला. बांबूतून निघाला, रस्ता ओलांडला, आमच्याकडे बघण्याचीही तसदी न घेता पलीकडच्या बांबूत शिरला. त्या वेळी गाडीतला एकच माणूस वाघाकडे पाहत नव्हता. गाइड मागे वळून आमचे चेहरे पाहत होता. एकेकाचा चेहरा तपासत तो मागच्या सीटवरच्या आजींपाशी थांबला आणि त्याने भुवयांनीच विचारलं. ‘पाहिला रे बाबा, पाहिला,’ आजी म्हणाल्या, ‘त्याने काही मला पाहिलं नाही.’ तेव्हा कुठे तो सकाळपासून पहिल्यांदा टेकून बसला.

त्यानंतर तो मोकळा बोलू लागला. जामणीच्या कुरणापाशी गाडी थांबली होती. चितळांचा मोठा कळप चरत होता. इथे पूर्वी गाव होतं, ते उठून जंगलाबाहेर वसलं, शेतांचं गवत झालं. ‘ते मोहाचं झाड दिसते ना, त्याच्या अलीकडे आमच्या मामाचं घर होतं जी,’ असं तो ज्या सुरात अर्जुनाची साल दाखवली त्याच सुरात म्हणाला. आम्ही सगळ्यांनी दुर्बिणी लावून मामाचं घर शोधलं. तिथे एक मोर उभा होता.

घरी आई आहे, ती उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जाते, असंही कळलं. पहाटेच जावं लागतं, फुलं रात्री गळतात. साडूवाल्या गृहस्थांनी उत्साहाने विचारलं, ‘मग त्यांना तर रोजच वाघ दिसत असेल?’ गाइड हसला. ‘माय निघताना हात जोडते जी. दिसू नको म्हणते.’ एकाच रानात, एकाच पहाटे, एकाच वाघासाठी दोन उलट नवस बोलले जातात. त्यातला आमचा पैसे भरून. गाडीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग कुणीतरी बिस्किटं काढली, आणि पहिला पुडा न बोलता गाइडच्या हातात गेला.

मंगळवारी ताडोबा बंद असतो, तेव्हा तू काय करतोस, असं मी फाटकाकडे परतताना विचारलं. शेती करतो म्हणाला. पण दोन-तीन दिवस सुट्टी काढून एकदा मुंबईला यायचंय, मायला समुद्र दाखवायचाय. मग जरा घुटमळून, आम्ही सकाळी त्याला जसं विचारलं होतं अगदी तसंच, त्याने विचारलं, ‘दिसते ना जी तो नक्की? एवढं भाडं खर्चून न्यायचं. ओहोटीला आत जाते म्हणतात.’

साडूवाले गृहस्थ पार्ल्याचे. घसा खाकरून ते जबाबदारीने पुढे सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘जुहूला सकाळी लवकर या. चान्स चांगला आहे.’