पाळण्यातली पदवी

अमेरिकेत मुलाचे पाय पाळण्यात दिसण्याआधीच त्याच्या कॉलेजची फी भरता येते. ‘प्रीपेड ट्युशन’ योजनेत पालक आजच्या हिशेबाने पैसे भरतात आणि पुढच्या फीवाढीची चिंता योजनेवर सोपवतात. योजना ती शेअर आणि रोख्यांच्या बाजारावर सोपवते.

पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठाने १९८५ मध्ये अशी योजना आणली आणि १९८८ मध्ये थांबवली. त्यातून योग्य तो बोध घेऊन मिशिगन राज्याने त्याच वर्षी आपल्या करारांची विक्री सुरू केली. पाठोपाठ इतर राज्येही आली. १९९६ मध्ये केंद्रीय करकायद्याच्या कलम ५२९ने या योजनांना करसवलतीचे तोरण बांधले.

टेक्सासमध्ये २००३ साली विधिमंडळाने विद्यापीठांना फी ठरवण्याची मोकळीक दिली. फी वाढणार हे उघड होताच, फीवाढीपासून संरक्षण देणारी सरकारी योजना नव्या ग्राहकांना बंद झाली. अलाबामात २००८च्या मंदीने अशाच योजनेचा निधी आटला. अखेर तडजोड होऊन २०१०च्या दरानेच फी देण्याचे ठरले. वरचा फरक, ज्यांनी तो टाळण्यासाठी पैसे भरले होते, त्यांच्याच माथी आला.

योजनेत सहसा राहणे-जेवणे धरलेले नसते. प्रवेशाचीही हमी नसते. तेवढे किरकोळ काम विद्यार्थ्याने स्वतः करायचे असते. त्याला कॉलेजात जायचेच नसेल, तर लाभार्थी बदलून थोरल्याची पदवी धाकट्याच्या मापाने उसवून शिवता येते.