बाजारात तुरी

कर्नाटकातल्या बेट्टदपुरच्या तंबाखूच्या पट्ट्यात बसून एखादा हौशी गृहस्थ 1873च्या विंचेस्टर रायफलीच्या नव्या प्रतिकृती पारखू लागला, तर त्याच्या चोखंदळपणाला दाद द्यावी. इटलीच्या उबर्तीचं पॉलिश सरस की जपानच्या मिरोकूची जुळणी? लाकूड पोलादाला घट्ट भिडलंय ना? लिव्हर खाली-वर करताना अडखळते का, रिकामं काडतूस सुटसुटीत बाहेर पडतं का? प्रश्न अगदी रास्त. फक्त भारतात सामान्य माणसाला परदेशी बंदूक मागवण्याची वाट 1980च्या दशकातच बंद झाली, एवढी किरकोळ बाब उरते.

देशी पर्याय म्हणजे सरकारी कारखान्याची .315 बोअरची बोल्ट-ॲक्शन. तिला लिव्हरच नाही, म्हणजे तुलनेची दगदगही नाही. तीही परवान्यावर, पोलिसांच्या अहवालानंतर. आणि शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीपासून माणशी दोनच हत्यारं. शेजारच्या कोडगूत कोडवा समाजाच्या लोकांना परवान्यातून 2029पर्यंत सूट आहे, कैलपोदच्या सणाला ते बंदुका पुजतातही. पण सूट परवान्यापुरती, आयातीची नव्हे.

तेव्हा साहेब, खरेदीपूर्वी दर्जा तपासायचाच असेल, तर तूर्त परवान्याच्या अर्जाचा कागद तपासा. तो तरी हाती येईल.