करवंटीतला वारा

डिचोलीत स्वतःची वीज स्वतः तयार करणारा पहिला ललितलेखक म्हणून आपले नाव कुठेतरी लागावे, एवढ्याच हेतूने मी या उद्योगात पडलो. पर्यावरण वगैरे नंतर आले. विचारणाऱ्याला मात्र मी पर्यावरणच आधी सांगत असे, कारण ते सांगताना मान आपोआप थोडी वर जाते. "आम्ही आता बाहेरच्या विजेवर फारसे राहणार नाही," हे वाक्य मी बुधवारच्या बाजारातल्या मिरचीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवले होते. तेव्हा घरात वायरचे वेटोळेसुद्धा आलेले नव्हते.

सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, नोंदणी असलेली माणसे येऊन सगळे बसवून जातात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण मग बसवणारे ते, आणि मी नुसता घरमालक! यात नाव कुठे लागणार?

शेजारच्या भाऊंनी सरळ योजनेतून पॅनेल घेतले. मे महिन्यात भर दुपारी फणसाची फांदी तारेवर कोसळली आणि आळीची लाईट गेली, तेव्हा भाऊंचीही गेली. छपरावर पॅनेल रणरणत्या उन्हात तापलेले, आणि खाली भाऊ बनियनवर बसून विंझण्याने वारा घेताहेत! हे पाहून मला झालेला आनंद शेजारधर्माला सोडून होता. त्यामागचे कारण मी त्यांना ताबडतोब कुंपणावरून समजावून सांगितले. बाहेरच्या लाईनला जोडलेला इन्व्हर्टर, लाईन मेली की स्वतःहून बंद पडतो. तसा तो मुद्दाम केलेला असतो. नाहीतर आपल्या छपरावरची वीज उलटी तारेत शिरायची, आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जायचा. आषाढातल्या रात्री, पाऊस आडवा लागलेला असताना खांबावर चढलेल्या आमच्या लाइनमनला मी खालून टॉर्च धरलेला आहे. त्यामुळे हा नियम मला शंभर टक्के मान्य. भाऊंच्या विंझण्याचा आनंद ही वेगळी बाब.

तर आपण लाईनच्या भानगडीत पडायचेच नाही असे ठरले. एक १०० वॅटचे पॅनेल, एक चार्ज कंट्रोलर आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी. जाणकार सांगतात की एवढ्याशा पॅनेलला एवढी मोठी बॅटरी शोभत नाही. चांगल्या उन्हाच्या दिवशी ते पॅनेल देणार अर्धा युनिटसुद्धा नाही, बॅटरीत मावणार कागदोपत्री १.८ युनिट, आणि तिचे आयुष्य हवे असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. पण पॅनेल पडणार छपरावर, ते पाहुण्याला दिसत नाही. बॅटरी दिसते. मी ती सोप्यावर, पाहुण्यांच्या खुर्चीसमोर ठेवली.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे डिचोलीला सोळा अंशांच्या आसपास. आमच्या नळ्यांच्या छपराला अंश माहीत नाहीत, त्याला उतरण माहीत. सुताराने चौकट करून दिली आणि विचारले, "सूर्य मे महिन्यात उत्तरेक वता मरे, मागीर कितें?" हे खरे होते, आणि ते मला माहीत नव्हते. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आमच्या थेट माथ्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य डिचोलीच्या उत्तरेला असतो. "तेव्हा पाऊसच असतो," मी म्हणालो, आणि हे आधीपासून हिशेबात धरल्याचा चेहरा केला.

जोडणीचे बाकी धडे पटापट झाले. पॅनेलला बटण नसते, ऊन लागले की ते वीज द्यायला सुरुवात करते, म्हणून तारा जोडताना वर जाड चादर टाकायची. (कोणती चादर, यावर घरात स्वतंत्र चर्चा झाली.) कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज. आणि तार जाड हवी. बारा व्होल्टच्या विजेला लांबचा प्रवास सोसत नाही, बारीक तारेतून ती निम्मी वाटेतच दमते. संध्याकाळी देवघरातला बल्ब लागला. आईने त्याला हळदकुंकू लावले.

पण खरे सांगायचे तर पॅनेल कोणीही आणतो. पवनचक्की ही गोष्टच निराळी.

स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावात जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकाने १८८७ मध्ये आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली, बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. उरलेली वीज त्याने गावच्या रस्त्याला देऊ केली, तर गावकऱ्यांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली. हा माणूस मला एकदम घरचा वाटला. मीही भाऊंना वीज देऊ केली होती. भाऊ "नाका रे, लायट येतली आतां" एवढेच म्हणाले. सैतान म्हणाले असते तर निदान दखल तरी घेतली गेली असती.

पवनचक्की लावण्याआधी आपल्याकडे वारा किती, हे मोजावे लागते. वाऱ्याचा हिशेब मोठा निर्दय आहे. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, आणि वेग निम्मा झाला तर ती आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे "साधारण असतो वारा" या उत्तरावर चक्की उभी राहत नाही, आणि डिचोलीत कोणालाही विचारा, उत्तर तेच मिळते. वारा मोजायचे यंत्र बाजारात मिळते, हेही मला माहीत होते. पण वाचता वाचता मला आर्मा वेधशाळेचे रॉबिन्सन भेटले. आयर्लंडमधल्या या पाद्री ज्योतिर्विदाने १८४६ मध्ये वारा मोजण्यासाठी आडव्या दांड्यांवर चार अर्धगोल वाट्या लावल्या. अर्धगोल वाट्या! गोव्यात जन्मलेल्या माणसाने हे वाचून स्वस्थ बसायचे कसे?

नारळ फोडला की दोन करवंट्या निघतात, हे लोकांना माहीत असते. त्यातली एक डोळ्यांची असते, तिच्यातून वारा गळतो, हा विचार फार थोड्यांनी केला असेल. म्हणजे चार बिनडोळ्यांच्या करवंट्यांना चार नारळ. पण चारही सारख्या हव्यात. एक जड असली की यंत्र त्या बाजूला लंगडते. सारख्या मापाच्या चार मिळवायच्या म्हणजे नारळांना मोजदाद राहत नाही. शिवाय माझ्या कोयत्याला मध्यावर घाव घालायची सवय नाही. कधी वरच्या अंगाला तडकतो, कधी करवंटीला नक्षीदार कडा येते. आणि फोडलेला नारळ परत कसा ठेवणार? त्या दिवसांत आमच्या घरी तोणाकात खोबरे, खतखत्यात खोबरे, हुमणात खोबरे हे झालेच, पण मुगाच्या साध्या आमटीतही खोबरे येऊ लागले. सणावाराशिवाय मणगणे झाले. चहाबरोबर खोबऱ्याची बर्फी आली, आणि ती संपायच्या आत दुसरी आली. आईने एकदा ताटावरून विचारले, "बाबू, यंदा चवथ लवकर आयली काय रे?" आदोळीवर खोबरे खवत बसलेली बायको मान वर न करता म्हणाली, "अहो, वारा सावकाश मोजा. आधी सगळ्यांचं कोलेस्टेरॉल मोजून आणा."

तासून, काचेने घासून, पॉलिश पेपर मारून सहा करवंट्या अंतिम फेरीत आल्या. त्यांतल्या चार निवडायला घरचा काटा जाडाभरडा पडला, म्हणून मी त्या बाजारात सोनाराकडे नेल्या. त्याने माझ्याकडे पाहिले, करवंट्यांकडे पाहिले, आणि दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही हे बघून एकेक तराजूत टाकली. "गहाण ठेवायच्यात?" असे त्याने फक्त एकदाच विचारले. मी त्याला रॉबिन्सनबद्दल सांगितले. आम्हां गोवेकरांच्या चुलीजवळ अशा वाट्या शेकडो वर्षे वाढायचा डवला म्हणून लटकत होत्या, त्यांना कोणीतरी दांडीवर आडवे लावायचाच काय तो अवकाश होता, नाहीतर हा शोध आर्म्याऐवजी आमठाण्यात लागला असता, हेही सांगितले. सोनाराने वजनाची चिठ्ठी लिहून दिली आणि पैसे घेतले नाहीत. माझ्या मते तो प्रभावित झाला होता.

बांबूच्या कामट्या, सायकलच्या चाकातले जुने बेअरिंग, चार करवंट्या. एक पांढरी रंगवलेली, म्हणजे फेरे मोजता येतात. आता किती फेऱ्यांना किती वेग? रॉबिन्सनचा समज होता की वाटी, लहान असो वा मोठी, वाऱ्याच्या एकतृतीयांश वेगाने फिरते. पुढे तो खोटा ठरला. वाटी केवढी, दांडी किती लांब, यावर सगळे असते. तेव्हा प्रत्येक यंत्राला आपापला आकडा काढावा लागतो, आणि त्याची सोपी रीत म्हणजे वारा पडलेला असताना यंत्र ठरावीक वेगाने हवेतून न्यायचे. पहाटे साखळीच्या रस्त्याला मी स्कूटर ताशी वीस किलोमीटरवर धरली. मागे नववीतला भाचा काठीवर यंत्र उंच धरून मोठ्याने फेरे मोजत होता. फुले काढायला निघालेल्या एका आजीने चपला काढून हात जोडले. कुठल्याशा देवाचे तरंग चालले आहेत असे त्यांना वाटले असावे. मीही प्रसंग ओळखून मान लववली.

यंत्र उत्तम झाले होते. छपरावर चढवले, आणि लक्षात आले की वारा नाही. माडांची शेंडी वर झुलत होती. खाली, छपराच्या उंचीवर, पांढरी करवंटी कधी अर्धा फेरा घेई आणि विचार बदलून परत येई. शास्त्र सांगते की आजूबाजूच्या शंभरेक मीटरमध्ये जे काही उंच असेल, त्याच्याही वर दहा मीटर चक्की हवी. आमचे माड वीस मीटरचे, म्हणजे खांब तीस मीटरचा, दहा मजली. हिशेबही करून पाहिला. सेकंदाला तीन मीटर वाऱ्यात एक मीटर व्यासाची चांगली चक्की देणार चार वॅट. नऊ वॅटचा एलईडी बल्ब त्यात अर्धाही लागत नाही. देवगडला सड्यावर, समुद्राच्या थेट तोंडावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या वाऱ्याच्या वाटेवर आहेत. आमच्या खोलगट गावात वारा येतो तो माडांशी बोलून वरच्या वर निघून जातो.

पॅनेल मात्र चालले आहे. ते पुसावे लागते. फडके लाल निघते.

या लाल धुळीशी आमची ओळख जुनी. लोहखनिजाच्या खाणी भरात होत्या तेव्हा रस्त्याकडेच्या झाडांचा हिरवा रंग पावसाळ्यात तेवढा दिसायचा. शाळेचा पांढरा शर्ट संध्याकाळी पांढरा राहिला तर आई विचारायची, शाळेत गेला नव्हतास काय? डोंगर ट्रकांतून नदीवर, बार्जमधून मांडवीने मुरगावला, तिथून जपानला, पुढे चीनला गेले. २०१२ मध्ये आधी सरकारच्या, मग न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि आता पुन्हा सुरू होताहेत. कोणाच्या घरची चूल पेटते, कोणाची विहीर आटते. एकाच घरात दोन्ही होते, म्हणून भांडायलाही जड जाते.

गोव्याला स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. आमची वीज दुरून येते, त्यात छत्तीसगडमधल्या कोरब्याचीही असते, कोळशावरची. कोरब्याजवळ गेवराची कोळसा खाण आहे, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. तिथेही कोणीतरी सकाळी खिडकीची तावदाने पुसत असणार, आणि त्याचे फडके काळे निघत असणार. आमचा डोंगर नेऊन कुणाच्या तरी गाड्या झाल्या, आणि त्याचा कोळसा जाळून माझा पंखा फिरतो. मोलेच्या रानातून नव्या वीजवाहिन्या न्यायचा विषय २०२० मध्ये पेटला, तेव्हा आम्ही झाडांच्या बाजूने होतो. मी सही केली, तळमळीने केली, आणि उकडत होते म्हणून घरी येऊन एसी लावला. जपानच्या गाडीत बसणाऱ्याने डिचोलीचा विचार करावा असे मला आयुष्यभर वाटत आले. कोरब्याचा विचार मी पॅनेल पुसेपर्यंत केला नव्हता. याचा राग नेमका कोणावर काढावा हे कळत नाही. मी पॅनेल जरा जोराने पुसतो, एवढेच.

त्या पॅनेलवर आता देवघरातला बल्ब, इंटरनेटचा मॉडेम आणि आईच्या खोलीतला छोटा बारा व्होल्टचा पंखा चालतो. एसीला ते पुरत नाही. बाहेरची लाईट गेली की आई पंख्याकडे बघते, तो फिरतोय हे पाहून पदर सारखा करते आणि आलेल्या बाईला सांगते, "ही आमच्या बाबूची लायट." मी तेव्हा शेजारच्या खोलीत असतो आणि मुद्दाम बाहेर येत नाही, म्हणजे ती आणखी थोडे बोलते.

करवंट्यांचे यंत्र भाच्याने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नेले आणि त्याला पहिले बक्षीस मिळाले. पालकांच्या पहिल्या रांगेत मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो, कारण मंचावर बोलावले तर दोन शब्द बोलावे लागतात, आणि ते मी रॉबिन्सनपासून सुरू करणार होतो. कोणी बोलावले नाही. कार्यक्रम संपल्यावर मी सहज म्हणून तक्ता बघायला गेलो. भाच्याचे अक्षर सुंदर आहे. विभाग: टाकाऊतून टिकाऊ. साहित्य: करवंट्या, बांबूच्या कामट्या, सायकलचे जुने बेअरिंग. आणि सर्वांत खाली, लाल शाईने अधोरेखित, विशेष सहकार्य: मामी.