फेरतपासणी करावी

आमच्या आक्काने मला घराबाहेर काढलं, त्या दिवशी माझ्या अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि हातात अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी होती. सकाळचे सहा वाजलेले, टेंभुर्णीत भुरभुर पाऊस, बायको माहेरी गेलेली आणि मी कोपऱ्यावरून दूध घेऊन येईपर्यंत आक्काने आतून कडी घातलेली. खिडकीचा पडदा दोन बोटांनी बाजूला सारून तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी माझं नाव सांगितलं, माझ्या बापाचं, म्हणजे तिच्या भावाचं, सांगितलं, रेशनकार्डावर आपण कितव्या ओळीत आहोत तेही सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात गडीमानूस न्हाई. दूध ठेवा पायरीवर, हिशेब उद्या."

मी दूध ठेवलं.

साडेआठला कडी निघाली. "आरं, पावसात काय बसलाईस खुळ्यावानी?" म्हणत तिने मला आत घेतलं, टॉवेल दिला आणि पायरीवरच्या त्याच दुधाचा चहा करून पाजला. वर हेही ऐकवलं, की हल्लीचा दूधवाला जरा चक्रम आहे, उगाच ओळख काढतो.

आक्का माझी थोरली आत्या. वय 81. मूलबाळ नाही, आमचे मामा जाऊन वीस वर्षं झाली. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे करमाळा तालुक्यातल्या कुगावात गेल्या. जुन्या कुगावात. आता नवं कुगाव वर आहे आणि जुनं उजनीच्या पाण्यात. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की इनामदारांच्या वाड्याच्या भिंती वर येतात, लोक होड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. आक्काचं घर वाड्याइतकं टणक नव्हतं. ते वर येत नाही.

आता नियतीचा विनोद बघा. ज्या धरणाने आत्याचं घर बुडवलं, त्याच धरणावर भाचा कारकून लागला. भीमानगरच्या वसाहतीत राहून मी वर्षानुवर्षं पाणीसाठ्याचे आकडे वहीत मांडले. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 च्या वर मृतसाठा आणि 53 च्या वर उपयुक्त. झोपेतून उठवून विचारा. बायकोचा वाढदिवस तेवढा विचारू नका.

उजनीचं गणित बाहेरच्या माणसाला कळत नाही. धरण 'शून्य टक्के' झालं म्हणजे कोरडं पडलं असं पुण्या-मुंबईचे पाहुणे समजतात. शून्याखाली हा मृतसाठा असतोच, निम्म्याहून जास्त धरण तेच. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली, तरी खाली पाणी होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी जेव्हा समजावलं, की डिमेन्शियात बहुधा आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला मार बसतो, तिथे नव्या आठवणी बनतात, म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि लग्नातली पंगत आठवते, तेव्हा मी टुणकन उठून म्हणालो, "म्हणजे उपयुक्त साठा वजात आणि मृतसाठा तुडुंब!" इतक्या हुशारीबद्दल निदान एक शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. डॉक्टरांनी मला खाली बसायला सांगितलं.

मग आक्काची चाचणी. शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात, असं करत जा. आक्का म्हणाली, "कशाला वजा करायचं? धरनानं केलं की तेवढं." डॉक्टर गप्प झाले. त्या शांततेत मी, तिला मदत म्हणून, कुजबुजत सांगू लागलो: त्र्याण्णव, शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर... डॉक्टरांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, नंतर बायकोकडे. बायकोने "हे पहिल्यापासूनच असे आहेत" अशा अर्थाची मान हलवली.

घरात बैठक बसली. आक्का दोनदा बोचकं घेऊन एसटी स्टँडवर सापडली होती, एकदा गॅस चालू ठेवून झोपली होती, आणि आमची मंडळी रात्री तिच्यामागे जागून जागून स्वतःच वाळत चालली होती. पुण्याची मुलगी म्हणाली, बाबा, अशा माणसांसाठी वेगळी निवासी केंद्रं असतात, बघून तर या. मेव्हणे वकील आहेत. त्यांनी न विचारता सांगितलं, की 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निपुत्रिक म्हातारीची इस्टेट ज्याला मिळणार, त्याच्यावर तिला सांभाळायची जबाबदारी येते. हे सांगताना त्यांनी आक्काच्या पुनर्वसनातल्या दोन एकरांत मी लावलेल्या केळीच्या घडाचं तिसरं केळं सोललं होतं.

पाहणीचं काम माझ्याकडे आलं. तपासण्यांचे कागद मी आयुष्यभर रंगवले, असा घरात समज आहे आणि मी तो कधी खोडला नाही. खात्यातल्या सवयीने तक्ता आखला: अनुक्रमांक, बाब, प्रत्यक्ष स्थिती, शेरा. रात्री किती माणसं हजर असतात, एका मावशीकडे किती जण, कुणी पडलं तर काय करता, झोपायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देता, महिन्याच्या पैशांत डायपर धरले की वेगळे. अशा 27 बाबी. तीन प्रती काढल्या. कार्बन घालून.

पहिला वृद्धाश्रम सोलापूरच्या बाजूला होता. जागा हवेशीर, दारात मोगरा, व्यवस्थापक सज्जन. मी तक्ता उघडायच्या आत त्यांनी त्यांचा अर्ज उघडला. स्वतःची अंघोळ स्वतः करतात? मी बायकोकडे बघितलं. "आठवण करावी लागते," ती म्हणाली. औषधं वेळेवर घेतात? "हातात द्यावी लागतात." वस्तू कुठे ठेवल्या ते लक्षात राहतं? "चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात." चिडचिड? "भाजीत मीठ कमी पडलं की." व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं आणि हळुवारपणे माझ्याकडे वळून, जरा मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आजोबा, आमच्याकडे स्वतःचं स्वतः करणारेच घेतो."

गैरसमज निस्तरायला अर्धा तास गेला. निस्तरल्यावरही उत्तर तेच. आक्काला तिथे जागा नव्हती, कारण त्यांचं फाटक दिवसभर उघडं असतं आणि विसरणारं माणूस त्यातून निघून गेलं तर कोण जबाबदार? पुढे फोन करकरून कळलं, की बऱ्याच ठिकाणी हीच अट. ज्याला सांभाळायची गरज कमी, त्याला सांभाळणारे पुष्कळ.

दुसरं केंद्र पुण्यात, खास स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी. डॉक्टरांचा सल्ला होता, सांगून जाऊ नका. जेवणाच्या वेळी जा आणि आधी वास घ्या. मी एकटाच गेलो. एसटी भिगवणला थांबली तेव्हा मोह आवरला नाही, चिलापीचं ताट हाणलं. त्यामुळे केंद्राच्या व्हरांड्यात मी भक्तिभावाने वास घेतला तो माझ्याच हाताचा आला. बाब क्रमांक एक, शेरा: संशयास्पद.

सुरक्षा तपासावी म्हणून भाजीवाल्याच्या पाठोपाठ, पालकाच्या जुड्यांआड तोंड लपवून, गुपचूप आत शिरलो. मला कुणी अडवलं नाही. मोठ्या अक्षरांत 'प्रवेश सुलभ, आक्षेपार्ह' असं लिहिलं आणि बाहेर यायला वळलो, तर दाराला आकड्यांचं कुलूप. वर चिठ्ठी: 'चालू साल उलटं दाबा.' मी शांतपणे दाबलं. उघडलं नाही. घाईने दाबलं. तिसऱ्यांदा भोंगा वाजला, आणि एक मावशी आली, माझा दंड धरला, "चला बाबा, जेवायला," म्हणाली आणि माझ्या गळ्यात लाळेरं बांधलं. उजनीला 41 दरवाजे आहेत. इथे एकच होता आणि तो मला येईना.

समोर मऊ खिचडी आली. शेजारी पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, असे एक गृहस्थ ताठ बसले होते. त्यांनी माझ्या हातातला तक्ता बघितला आणि हात पुढे केला. नुसता हात, तोंडाने काही नाही. जन्मभर साहेब लोक फाईल मागताना जसा करतात, तसा. आणि मी काय करावं? उभा राहिलो. तक्ता दिला. लाळेऱ्यासकट दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस बाबी बोट फिरवत वाचल्या, 'आक्षेपार्ह' शब्दावर जरा थांबले, दुसरी प्रत उलटून कार्बन नीट उमटलाय का पाहिलं आणि खाली सुबक अक्षरांत लिहिलं, 'फेरतपासणी करावी.' सही, तारीख. तारीख 1987 सालची होती. मी म्हणालो, "होय साहेब." ते म्हणाले, "जा आता." पण दार उघडता येत नाही हे साहेबांना कसं सांगणार? बसलो.

शेवटी संचालिकाबाई आल्या. त्या हसल्या नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, रोज सकाळी त्यांच्या टेबलावर आम्ही कोरे कागद ठेवतो, ते सह्या करतात, दिवस बरा जातो. आज पहिल्यांदाच खरी फाईल आली. मला मुलीने सांगितलेलं आठवलं: हॉलंडमध्ये वेस्प नावाच्या गावी 'होगेवेक' म्हणून अख्खी वस्तीच 2009 पासून अशा लोकांसाठी आहे, दुकान आहे, हॉटेल आहे, चौक आहेत, माणसं हवी तशी हिंडतात आणि दुकानात बसलेला माणूसही प्रत्यक्षात सांभाळणारा असतो. तेव्हा मी "म्हणजे पुनर्वसनच की!" एवढंच म्हणालो होतो.

बाब 1 ते 27 मी विचारून घेतल्या. उत्तरं बरी होती. दर महिन्याचा आकडा मात्र ऐकून माझा उपयुक्त साठा एकदम शून्यावर आला. निघताना दिवेलागण झाली होती, आणि आत एकाएकी चुळबुळ सुरू झाली. कुणी पिशवी भरू लागलं, कुणी दारापाशी येऊन उभं राहिलं. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात; आमच्याकडे कातरवेळ म्हटलं की भागतं. एक आजी मावशीला म्हणाली, "मला घरी जायचंय." मावशी म्हणाली, "जाऊ की. चहा ठेवलाय, घेऊ आणि निघू. घरी कोण कोण आहे तुमच्या?" आजी खाली बसली आणि सांगू लागली. लांबलचक सांगणं होतं, मध्ये एक तांबडी गायही आली. चहा आला तेव्हा जायचं राहून गेलं होतं.

या बाबीला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

कारण घरी हेच रोज संध्याकाळी आक्का विचारते, "कुगावला कवा जायचं?" आणि मी, आकडेवारीचा माणूस, तिला खरं सांगतो. आक्का, कुगाव गेलं, धरण 1980 ला पुरं झालं, आता तिथे पाणी आहे. एकदा तर, ती ऐकेना म्हणून, त्या दिवशीची पातळी काढून तिच्या चुलीवर किती फूट पाणी असेल तेही तोंडी हिशेबाने सांगितलं होतं. तिने तोंडाला पदर लावला, बराच वेळ बसून राहिली. तासाभराने विसरली, पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तीच बातमी दिली. धरणाने तिचं गाव एकदाच बुडवलं होतं. मी तीन वर्षांत हजारदा तरी बुडवलं असेल, तेही अचूक आकड्यांसह.

तूर्त त्या केंद्राच्या यादीत आक्काचं नाव घातलंय. जागा झाली की फोन करतील. फेरतपासणीलाही जायचंय. साहेबांचा शेरा आहे, डावलता येत नाही.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का बोचकं बांधून ओसरीवर. आत दोन लुगडी, उलथणं आणि टीव्हीचा रिमोट. मी मावशीचा प्रयोग केला. "जाऊ की आक्का, चहा घेऊ आणि निघू." चहा झाला. बशी पुसून तिने पालथी घातली आणि उठली, "चल." आता आली का पंचाईत? मावशीने पुढचं काही शिकवलं नव्हतं. मी बोचकं उचललं, तिचा हात धरला, आणि दोघं स्टँडवर जाऊन करमाळ्याच्या गाडीच्या बाकावर बसलो. गाडी आली, गेली. आक्का माणसं बघत होती. मग माझ्याकडे वळली. माझी ओळख तेवढ्यात पुसली होती.

"कुठलं म्हनायचं पावनं?"

"कुगावचा."

"मग आपलंच की! आन धरनाचं काय? पानी येनार म्हनत्यात."

सबंध नोकरीत मी साठ्याच्या वहीत एक आकडा खोटा लिहिला नाही. घसा खाकरला.

"कसलं धरण, आक्का? अजून पायासुद्धा खणला नाही. मंजुरीचे कागद मुंबईत धूळ खात पडलेत."

तिने माझ्याकडे टक लावून बघितलं, आणि माझ्या मांडीवरचं बोचकं काढून हळूच आपल्या मांडीवर घेतलं.

"सरकारी मानूस दिसतोस," ती म्हणाली. "तुमचं काय खरं नसतं."